सत्तेचाळिसाव्या पानावर अडकलेली पाटी

सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझं पान उलटलं नाही. दसऱ्यानंतरचा तो अकरावा दिवस होता. उंद्रीच्या शिवारात, कपाशीच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर बसलेल्या सत्यभामाबाईंनी माझ्या उजव्या कडेचं बटण एकदा दाबलं, दोनदा दाबलं, मग अंगठ्याने जोर देऊन दाबलं. पान सत्तेचाळीस जागचं हललं नाही.

मित्रांनो, मी एक जुना ई-रीडर आहे. म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र. मला गाणं येत नाही, फोटो काढता येत नाही, कोणाशी बोलणं करून देता येत नाही. अकरा वर्षांपूर्वी दूरच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. माझ्या पडद्यामागे दिवा नाही. आत काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे फार बारीक कण आहेत. पान उलटताना ते जागा बदलतात, तेवढ्यापुरती वीज लागते. एकदा पान मांडून झालं की वीज संपली तरी ते तसंच राहतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळे बराच घोळ झाला.

मला विकत घेतलं अर्पिताने. अकोल्याला तिची पहिली नोकरी होती. सहा वर्षांत तिने माझ्यावर दोनशे चौदा पुस्तकं वाचली. प्रवासात मी तिच्या मांडीवर असे आणि लोक वाकून विचारत, हे काय आहे? त्या प्रश्नाने मला बरं वाटायचं. पुढे तिच्याकडे मोठा फोन आला. मी आधी टेबलावर, मग खणात आणि शेवटी उंद्रीच्या घरी, कपाटात, साड्यांच्या घडीखाली गेलो. तिथे मी दोन वर्षं होतो.

त्याच काळात घरात टॅबलेट आला. तो अर्पिताच्या भावाचा, गोकुळचा. गोकुळ भाजीपाला आणि कापूस करतो. टॅबलेटवर तो बाजारभाव बघतो, हवामान बघतो, फवारणीचे व्हिडिओ बघतो आणि क्रिकेटही बघतो. टॅबलेट रंगीत आहे, हुशार आहे, त्याला शंभर कामं येतात. मी त्याचा हेवा केला. खरं सांगायचं तर अजूनही थोडा करतो.

मला कपाटातून बाहेर काढलं ते गोकुळच्या बायकोने, काजलने. ती गावातल्या मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. वर्गात नऊ जणी. त्यांतल्या सत्यभामाबाई गोकुळच्याच शेतात पावसाळ्यात निंदायला आणि आता कापूस वेचायला असतात. वय अठ्ठावन्न. अक्षरं त्या लवकर शिकल्या, पण चष्मा लावूनही पुस्तकातलं बारीक अक्षर त्यांना जमेना. काजलने माझ्यातलं अक्षर वाढवत वाढवत इतकं मोठं केलं की एका पानावर नऊच ओळी मावू लागल्या.

"हे बेस हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पाटीच हाय ही. फक्त पुसा लागत नाई."

तेव्हापासून माझं नाव पाटी पडलं.

त्यांना शिकायचं कशाला होतं, तेही सांगतो. चार वर्षांपूर्वी भाचीच्या साखरपुड्याला त्या आहेराची खरेदी करून चिखलीहूनच खामगावला निघाल्या आणि मेहकरच्या गाडीत बसल्या. गाडीवरची पाटी वाचता येत नव्हती, विचारायची लाज वाटली. चूक कळली तेव्हा गाडी जानेफळच्या वाटेला लागली होती. खामगावला पोचेपर्यंत पानसुपारीही वाटून झाली होती. बहीण आजही त्यांना "मेहकरवाली" म्हणते.

दुपारच्या सुट्टीत त्या भाकरी खाऊन झाली की मला पिशवीतून काढत आणि रोज एक पान मोठ्याने वाचत. बाकीच्या बायका ऐकत. गोष्ट मंजुळा नावाच्या बाईची होती. तिची म्हैस हरवते आणि ती एकटी शोधायला निघते. सत्तेचाळिसाव्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं: मंजुळा नदीच्या काठावर थांबली. खुरांचे ठसे पाण्यापाशी संपले होते.

आणि तिथेच मी अडकलो.

"काय झालं वं?" पुष्पाबाईंनी विचारलं. ह्या सत्यभामाबाईंच्या शेजारच्या ओळीत कापूस वेचतात.

"पाटी रुसली."

"रुसली तं रुसली, पण म्हशीचं काय झालं?"

"मले काय माहीत, म्या काय म्हशीसंग गेली व्हती!"

एक वाजून दहा मिनिटं ही माझ्या घड्याळाची त्या वेळची शेवटची नोंद. पुढच्या एकोणीस दिवसांचं मी स्वतः पाहिलेलं नाही. नंतर या बायकांच्या आणि काजलच्या बोलण्यातून जे कळलं, तेवढंच सांगतो.

काजलने चार्जिंगची तार बदलून पाहिली, बटण दाबून धरून पाहिलं. माझ्या कडेचा चार्जिंगचा छोटा दिवा लागला नाही. दिवाळीला अर्पिता आली. तिने मला हातात घेतलं आणि म्हणाली, "बॅटरी गेली असेल वहिनी. अकरा वर्षं झाली. राहू दे आता, नवीन बघू."

गोकुळने आपला टॅबलेट शेतात आणला. तीच गोष्ट त्यात घातली होती. सत्यभामाबाईंनी तो उन्हात धरला आणि मान मागे घेतली.

"ह्याच्यात तं मीच दिसून राह्यली!"

बायका हसल्या. सगळ्या जणी कडूनिंबाच्या सावलीत गेल्या. तिथे अक्षर दिसलं, पण दोन ओळी होतात न होतात तोच ट्रॅक्टरची जाहिरात आली, मग गोकुळच्या मित्राचा फोन आला. शेवटी गोकुळ म्हणाला, "मावशी, कायले त्रास घेता? हा सोताच वाचून दाखवते." त्याने कुठेतरी बोट लावलं आणि टॅबलेट एका बाईच्या आवाजात घडाघडा बोलू लागला.

एक ओळ झाली आणि सत्यभामाबाईंनी हात वर केला. "बंद कर रे बापा."

"काऊन? म्हैस सापडू द्या ना!" पुष्पाबाई म्हणाल्या.

"त्यानंच वाचलं तं म्या इतके दिवस काय केलं?"

टॅबलेटची यात काही चूक नव्हती. त्याला जे येतं ते त्याने केलं.

सत्यभामाबाई मात्र रोज माझंच सत्तेचाळिसावं पान काढून वाचत राहिल्या. पडद्यावर अक्षरं होती, मग वाचायला काय हरकत, असं त्यांचं म्हणणं. बाराव्या की तेराव्या दिवशी गोकुळ चेष्टेत म्हणाला, "मावशी, आता तं तुम्ही डोये मिटून बी वाचान!"

त्यांनी खरंच डोळे मिटले. नऊच्या नऊ ओळी तोंडातून बाहेर आल्या. एक शब्द चुकला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या, पण सत्यभामाबाईंचा चेहरा उतरला. संध्याकाळी त्या काजलकडे गेल्या.

"हे वाचणं नाई व्हय पोरी. हे पाठ झालं. मंग पहिलेबी पाठच व्हतं काय? तू सांगत गेली अन् म्या म्हणत गेली?"

वर्गाची परीक्षा जवळ आली होती. तीत बाहेरून आलेल्या बाईंसमोर कधीच न पाहिलेला उतारा मोठ्याने वाचायचा होता.

"नाव काढून टाक माह्यं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"नाई काढत," काजल म्हणाली. "पह्यले पाटी दुरुस्त करून आणा. मंग बोलू."

शनिवारी त्या मला पिशवीत घालून एकट्या चिखलीला गेल्या. मोबाइलच्या दुकानातल्या पोराने मला उलटसुलट करून पाहिलं आणि भंगारात टाकायला सांगितलं. तिथून चार दुकानं सोडून तुळशीराम घड्याळवाले बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि माझ्या खालच्या बाजूला असलेल्या एकुलत्या एका, चार्जिंगची तार घालायच्या भोकात पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "ह्याच्यात तं देवघर हाय!"

त्यांनी बारीक चिमट्याने पहिल्यांदा तांदळाचा एक कण काढला. मग वाळून घट्ट झालेलं कुंकू खरवडून कागदावर काढलं.

सत्यभामाबाई खाली बसल्या. त्यांना सगळं आठवलं. दसऱ्याला काजलच्या घरी वर्गातल्या बायकांनी पाटीपूजन केलं होतं. नऊ पाट्या होत्या आणि दहावा मी. घरची सगळी अवजारंही शेजारी मांडली होती. त्यांच्याकडे अवजाराच्या तोंडाला कुंकू लावायची रीत आहे. विळ्याला धारेवर लावतात, फवारणीच्या पंपाला नळीच्या टोकाला. आता या पाटीचं तोंड कुठलं? त्यांनी मला फिरवून पाहिलं. भोक एकच दिसलं. ओल्या बोटाने त्यांनी तिथे कुंकू भरलं, वर अक्षतेचा दाणा दाबला आणि डोकं टेकवलं.

"म्या केलं हे," त्या तुळशीरामना म्हणाल्या. "म्याच तिचं तोंड बंद केलं."

"पाप नाई लागत," तुळशीराम म्हणाले. "लोकं चहा सांडवतात, तुम्ही पूजा तरी केली. वीस मिनिटं थांबा, तार लावतो."

माझा दिवा लागला. तुळशीरामांनी माझं घड्याळ लावून दिलं तेव्हा बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

परतीला चिखलीच्या स्टँडवर एक जण त्यांना म्हणाला, "मावशी, चढा लवकर, सुटून राह्यली गाडी." पिशवीतून मला एवढंच ऐकू आलं. मग सत्यभामाबाईंचा आवाज, सावकाश, एकेक अक्षर सोडवणारा. "हे मे-ह-कर व्हय, भाऊ. मले उंद्रीले जाचं हाय. खामगावची येऊ द्या, उंद्री तिच्याच वाटेवर हाय."

संध्याकाळी त्यांनी काजलसमोर आधी कबुली दिली. काजल हसून हसून बेजार झाली. मग दोघी ओट्यावर बसल्या आणि सत्यभामाबाईंनी बटण दाबलं. सत्तेचाळिसावं पान गेलं. अठ्ठेचाळिसावं आलं. ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि काजलनेही सांगितलं नव्हतं.

"पलीकडच्या... काठावरचा चिखल... ओला होता." त्या थांबल्या, घाम पुसला. "दूरवरून घंटेचा... अ... अस... हे काय जोडाक्षर हाय वं?"

"मी नाई सांगत."

त्या एकेका अक्षराखाली बोट फिरवत राहिल्या. माझा पडदा त्यांच्या बोटाने ओला झाला.

"अ-स्प-ष्ट. अस्पष्ट आवाज आला!" त्या उठून उभ्याच राहिल्या. "घंटा, काजल! म्हशीची घंटा! थांब, पुष्पीले सांगून येते."

आणि त्या मला हातात घेऊनच रस्त्याने निघाल्या.

मित्रांनो, माझी आपल्याला एक विनंती आहे. ज्या वस्तूला एकच काम येतं, तिला टाकून देण्याआधी एकदा भिंगातून पाहा. तिचं तोंड कुठे आहे ते जाणून घ्या. पूजा जरूर करा, पण कुंकू शेजारी कागदावर लावा. पुढच्या दसऱ्याचं तसं आमच्यात ठरलं आहे.

परवा रविवारी सकाळी अकरा वाजता परीक्षा झाली. मला आत नेता येत नव्हतं, मी काजलच्या पिशवीत व्हरांड्यात होतो. सत्यभामाबाई अकरा वाजून चौतीस मिनिटांनी बाहेर आल्या.

"उताऱ्यात एक शब्द व्हता, ह्या अस्पष्टवाणी. शेवटी तोच ष्ट. उ-त्कृ-ष्ट."

"मंग? वाचला?"

"वाचला. बाईनं कागदावर काहीतरी लिवलं. म्या वाचाले गेली तं तिनं हात ठेवला वर."

आज मंगळवार. निकाल आलेला नाही. माझी बॅटरी चौसष्ट टक्के आहे. दुपारी धुऱ्यावर अठ्ठावन्नावं पान वाचून झालं. म्हैस अजून सापडलेली नाही, पण घंटा आता अगदी जवळ वाजते आहे.