जॅक देवघरात राहिला तेव्हा

मी एक जुनी स्टेपनी आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो, हसा! मोटारीच्या पाठीला बांधलेलं जादा चाक म्हटलं की सगळ्यांनाच हसू येतं. चार चाकांनी मिरवत धावायचं आणि मी मागे लटकून त्यांनी उडवलेली धूळ खायची, हा आमच्या घरचा न्याय. पण एक दिवस असा उजाडला, की त्या चौघांतल्या एकाची हवा गेली आणि सगळ्यांना माझी आठवण झाली. त्या दिवसाची गोष्ट सांगायला मी गेली कित्येक वर्षं टपून बसले आहे.

माझा जन्म साता समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथे तापलेल्या साच्यात मला असं दाबलं, की त्याची आठवणही नको. मग आगबोटीतून मुंबई, तिथून आगगाडीने हैदराबाद. तिथे मला एका काळ्या मोटारीच्या पाठीवर पट्ट्याने आवळलं. निजाम सरकारातल्या एका अंमलदाराने ती मोटार चार वर्षं वापरली आणि परभणी जिल्ह्यातल्या दिनकररावांना विकली. दिनकरराव मोठे शेतकरी. त्यांचं गाव मानवत रोड स्टेशनपासून सहा कोसांवर होतं.

मोटार गावात आली त्या दिवशी काय थाट! वेशीपासून वाजंत्री! बायकांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि ओवाळलं. माझ्यापाशी एक आजीबाई आल्या, बोटाने टोकरून म्हणाल्या, "हे का म्हनून मागं बांधलंय? नवस बोललाय का काय?" तेवढाच माझा मानपान. त्यानंतर दोन वर्षं माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. कोंबड्या तेवढ्या येऊन बसायच्या.

मोटारीचा ड्रायव्हर बन्सीधर राणीसावरगावचा. माणूस इमानी, पण आपल्या विद्येला फार जपणारा. अंगणात कधी चाक उतरवायचं असलं, की तो सगळ्यांना लांब पिटाळायचा. "हे यंत्राचं काम हाय, दुसऱ्याचा हात लागला की बिघडतं," असं ऐटीत सांगायचा. लोकांनाही ते पटायचं. दिनकरराव मोटार चालवायला शिकले, पण पान्याला त्यांनी कधी हात लावला नाही. मोटारीची चालवण्याची बाजू मालकाची आणि खालची बाजू बन्सीधरची, अशी वाटणीच झाली होती.

एकच माणूस मात्र सगळं पाहत असे. ती दिनकररावांची मुलगी नर्मदाबाई. ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसायची आणि डोळे बन्सीधरच्या हातांवर. लग्नाला वर्ष होतं ना होतं, तोच तिचा नवरा पटकीच्या साथीत गेला होता. गावात ना दवाखाना, ना औषध. ती माहेरी परतली ती एकच ध्यास घेऊन, की आपण दवाखान्याचं काम शिकायचं. तिने हैदराबादच्या एका दवाखान्यात अर्ज लिहवून पाठवला. आणि काय सांगू, मित्रांनो, जबाब आला! पटवाऱ्याने तो उर्दू कागद सगळ्यांपुढे वाचला. अमुक तारखेच्या आत हाजिर झालात तर जागा तुमची, नाही तर दुसऱ्या बाईला दिली जाईल.

दिनकररावांना हे मुळीच रुचलं नव्हतं. पण मुलगी तीन दिवस जेवली नाही, तेव्हा ते म्हणाले, "दसऱ्याच्या आधी उंबरा ओलांडायचा न्हाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सोता मानवत रोडच्या ठेसनावर सोडतो. गाडी घावली तर जा. चुकली तर माघारी यायचं आन् पुन्हा नाव काढायचं न्हाई." हाजिर व्हायची शेवटची तारीख होती त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणजे ती एक आगगाडी चुकली की सगळंच संपलं!

खंडेनवमीला आमच्या भागात घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पुजतात. कोयता, कुऱ्हाड, विळा, खुरपं, सगळं देवघरात मांडतात. त्या सकाळी बन्सीधर सणासाठी आपल्या गावी गेला होता. मालकीणबाई कस्तुराबाई मोटारीपाशी आल्या, हत्यारांची पेटी उघडली आणि जॅक बघून थबकल्या. "एवढी मोटार उचलतंय म्हंजे सगळ्यात मोठं हत्यार हेच की!" असं म्हणून त्यांनी तो उचलला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि देवापुढे पहिल्या रांगेत बसवला. पाना सीटखाली पडलेला होता, तो त्यांना दिसला नाही. मी बाहेरून बघत होते. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

पण तेवढ्यात नर्मदाबाई मला धुवायला आली. तिने अंगठा दाबून पाहिला आणि ओरडलीच, "अगं बाई, हिच्यात हवाच न्हाई की!" तिने पंप आणला, पदर खोचला आणि मारत सुटली. घामाच्या धारा लागल्या, पण पोरगी थांबेना. दोन वर्षांनी माझं अंग टणक झालं. मला वाटलं, आता कोणी मला जमिनीवर टाकलं तर मी वेशीपर्यंत उड्या मारत जाईन!

दसरा झाला. बन्सीधर अजून गावाहून परतला नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी नर्मदाबाई दिनकररावांबरोबरच निघाली. पाया पडणं, रडणं, दशम्यांची शिदोरी, या गडबडीत जॅक देवापुढेच राहिला. कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

तीन कोस आम्ही झकास आलो. आणि मग फट्ट! बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा एक खिळा रस्त्यात पडला होता, तो मागच्या उजव्या चाकात शिरला. मोटार एका अंगाला बसली. दिनकरराव उतरले, पेटी उघडली आणि बघतात तर आत जॅकच्या जागी चार झेंडूच्या पाकळ्या!

"आता गं काय करायचं?" ते म्हणाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आगगाडी यायला दीड तास राहिला होता आणि बैलगाडी मिळाली असती तरी ती दिवस कलता पोचली असती. दिनकररावांनी पागोटं काढलं आणि बाजूच्या बाभळीखाली जाऊन बसले. "देवाच्याच मनात न्हाई, नर्मदे. गाडीबैल आलं कुणाचं तर माघारी जाऊ."

मला इतका राग आला म्हणता! मी इथे टुम्म फुगून बसले आहे आणि हे देवाचं मन सांगतात!

नर्मदाबाईने सीटखाली हात घालून पाना काढला. आधी शेताच्या धुऱ्यावरचे दगड आणून बाकीच्या चाकांना पुढून मागून अटकण लावली. मग पाना नटाला लावला आणि त्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली.

"अगं, चाक उचलल्याबिगर नट कशाला खोलतीस?" दिनकररावांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"चाक जमिनीला टेकलंय तवरच नट ढिले करायचे असत्यात, बापू. उचलल्यावर चाक नुसतं फिरतंय. बन्सीधर असंच करतोय."

कर्रर्र! पहिला नट हलला. मग दुसरा. पाचही नट सैल झाले, पण काढले नाहीत. आता मोटार उचलायची कशी? तिने वाकून खाली पाहिलं, मग पायाखालच्या काळ्या मातीकडे पाहिलं आणि एकदम उठून शेजारच्या शेताकडे धावली. तिथे गोजरबाई नावाची एक बाई कापूस वेचत होती.

"मावशी, खुरपं देता का?"

"परवाच पुजलंय बाई, घे की. पर खुरप्यानं मोटार नीट व्हती व्हय?"

"मोटार उचलायला काई न्हाई, मावशी. म्हनून चाकाखालची भुई खाली न्यायचीय!"

वा रे पोरी! मला तर पट्टा तोडून तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिने मागच्या आसेखाली एक रुंद दगड बसवला, त्यावर दुसरा, तिसरा, आणि आस घट्ट टेकेपर्यंत चिपा ठोकल्या. आता मोटारीचा भार दगडांवर. मग पंक्चर चाकाखाली ती खुरप्याने खणायला लागली. वर वाळलेली माती, पण वितीच्या आत ओल. ढेकळं निघत गेली, आणि हळूहळू ते चाक अधांतरी लोंबकळायला लागलं! गोजरबाई कापसाची ओटी बाजूला ठेवून हातांनी माती उपसत होती.

नट निघाले, चाक निघालं. नर्मदाबाईने माझा पट्टा सोडला, मला जमिनीवर ठेवलं आणि मी पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर गडगडत गेले! पण हाय रे दैवा, मी खड्ड्यात बसेना. चपटं चाक जिथे मावलं, तिथे फुगलेली मी कशी मावणार? तिच्या बोटांची नखं मातीने भरली होती, एका हाताला रक्त आलं होतं. ती पुन्हा खाली बसली आणि खणू लागली.

तेव्हा गोजरबाईचा संयम सुटला. "मालक, तुमी बघत काय बसलाव? लेकरू एकटं मरायलंय हितं! खड्डा भरायला दगूड तरी आना!"

गावात दिनकररावांशी असं कोणी बोललं नव्हतं. ते उठले. एक दगड आणला, मग दुसरा. मग धोतर वर खोचून लेकीशेजारी गुडघ्यांवर बसले आणि मला दोन्ही हातांनी उचलून धरलं. मी नटांच्या खुंट्यांवर अलगद बसले. नर्मदाबाईने नट फिरवले, समोरासमोरचे एकेक करून. खड्डा दगडमातीने गच्च भरला. मग पान्याने आसेखालच्या चिपा पाडल्या.

मोटार खचली आणि तिचा सारा भार माझ्यावर आला. बाई गं! मी श्वास रोखून धरला. दबले, थोडी पसरले, पण तग धरला! "ठरली! ठरली!" गोजरबाईने टाळ्या पिटल्या. दोघी मागून रेटायला लागल्या, दिनकररावांनी मोटार चालू केली आणि आम्ही उसळून रस्त्यावर आलो.

त्यानंतरचे तीन कोस! मित्रांनो, मी धावले! दगड, चाकोऱ्या, ओढ्याचं पाणी, सगळं माझ्या अंगाखालून गेलं. बाकीची तिघं काय बोलत होती, ते ऐकायलाही मला सवड नव्हती.

मानवत रोडला पोचलो तेव्हा आगगाडी फलाटावर उभी होती. नर्मदाबाई बोचकं घेऊन उतरली. कोपरापर्यंत काळी माती, केस मोकळे. ती पाया पडायला वाकली, तर दिनकररावांनी तिचे हात धरले.

"नर्मदे, चाकाची हवा गेली तवा मला बरं वाटलं व्हतं गं. वाटलं, आता गाडी चुकंल आन् तू घरीच ऱ्हाशील."

"मला ठावं व्हतं, बापू," ती म्हणाली. "म्हनून तर तुमाला हाक मारली न्हाई."

शिट्टी झाली. ती धावत डब्यात चढली. दिनकरराव मातीचे हात घेऊन फलाटावर उभे राहिले, गाडी दिसेनाशी झाली तरी.

आता मी फार म्हातारी झाले आहे. अंगाला चिरा पडल्या आहेत, आत हवा ठरत नाही. माझं एकच मागणं आहे. गाडीत बसण्याआधी मागे लटकलेलीकडे एकदा बघत जा, तिच्यात हवा आहे ना ते चाचपा. जॅक आणि पाना जागेवर ठेवा, त्यांची पूजा जरूर करा, पण परत ठेवायला विसरू नका. नट सोडवायला स्वतः शिका आणि घरातल्या मुलींनाही शिकू द्या. आणि तुमच्या घरातली कोणी वाटेत चाक बदलायला बसली, तर सावलीत बसून तिची गाडी चुकायची वाट पाहू नका.