पालीचे तळवे

पडदेवाल्याला स्वतःच्या घरात दोन गोष्टींचा तिटकारा होता. एक म्हणजे भिंतीवरची पाल, आणि दुसरी म्हणजे मुलीच्या खोलीतली पाल. पहिली झाडू दाखवला की पळायची. दुसरी पोस्टरवर होती, आणि ती हलायला तयार नव्हती.

उभे कडे चढणारी ही बाई त्या जगात फार नावाजलेली होती आणि सगळे तिला 'पाल' म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसावं. पण कडा चढणाऱ्याचा फोटो काढणारा बिचारा बहुतेकदा खालीच राहतो, त्यामुळे पोस्टरवर पालीचं तोंड नव्हतंच. होते ते दोन अनवाणी तळवे, वाकडी बोटं, पाठ आणि केसांचा बुचडा. रोज मुलीला उठवायला गेलं की पडदेवाल्याला आधी ते तळवे दिसायचे. सकाळी उठून परक्या बाईच्या पायांचं दर्शन घ्यायचं, याला काही ताळतंत्र आहे का, असं तो बायकोला विचारायचा. बायको हसून चहा पुढे करायची.

मुलगी नुकतीच अठराची झाली होती. आतापर्यंत ती एका हॉलमधल्या खोट्या भिंतीवर चढायची. खाली गाद्या असायच्या, कमरेला दोर असायचा, म्हणून त्याने ते कसंबसं चालवून घेतलं होतं. आता येत्या रविवारी खऱ्या कड्यावर जायचं होतं, आणि पडदेवाल्याने साफ नाही म्हटलं. मुलगी शांतपणे म्हणाली की न विचारता मी जाऊ शकते, पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय गेले तर माझं लक्ष लागणार नाही, आणि लक्ष नसताना चढायचं नसतं. हे ऐकून तो जास्तच भडकला, कारण त्यात उद्धटपणा शोधूनही सापडत नव्हता. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. जेवताना मीठसुद्धा आईच्या मार्फत मागितलं जायचं.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. एकुलती एक पोर. डोळे मिटले की ती त्याला कड्यावरून सुटताना दिसायची. पण बापाने भितो म्हणायचं म्हणजे काय, म्हणून तो 'अभ्यास बुडतो' असं म्हणायचा.

आणि हे म्हणणारा माणूस कोण, तर उभा जन्म घडीच्या शिडीवर काढून लोकांच्या भिंतींना भोकं पाडलेला. लग्न नवीन होतं तेव्हा बायको बरोबर यायची आणि खाली शिडी धरून उभी राहायची. एकदा कुठल्याशा घरात गिऱ्हाइकाची पोरं हसली. मग त्याने तिला बजावलं की उद्यापासून धरू नकोस, मी काय कुक्कुलं बाळ आहे का. त्यानंतर ती दुकान बघू लागली, आणि हल्ली आठवड्यातून दोनदा दुपारी बहिणीकडे जाऊन येऊ लागली. शिडीवरून तो त्यानंतर दोनदा आपटला होता, पण त्याला तो पडणं म्हणत नसे. 'घाईत उतरलो' म्हणायचा.

तर त्या बुधवारी तो एका बाईंच्या घरी पडदे लावायला गेला. बाई पन्नाशीकडे झुकलेल्या, अंगाने काटक, अनवाणी. घरात सामान म्हणावं असं काही नव्हतंच, आणि खिडक्या सगळ्या उघड्याबोडक्या. इतकी वर्षं उघड्यावरच झोपले, आता जरा बंद खोलीत झोपून बघावं म्हणते, असं त्या म्हणाल्या. पडदेवाल्याला वाटलं, बिचारीने दिवस वाईट काढलेले दिसतात.

त्याने शिडी उघडली, ड्रिल मशीन खांद्याला अडकवलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी खाली बसून शिडीचा एक पाय बघितला. त्या पायाचा रबरी बूट कधीच हरवला होता आणि त्याजागी त्याने पडद्याच्या कापडाची घडी कोंबली होती. बाईंनी ती चिमटीत धरून बाहेर काढली, मेलेलं झुरळ धरावं तशी, आणि ही शिडी चालणार नाही म्हणाल्या. हिच्यावर माझा संसार झालाय, असं त्याने सांगितलं. झाला असेल, पण माझ्या घरात नाही, असं उत्तर आलं. शेवटी त्यांनी आतून कसलासा जाड रबराचा तुकडा आणला, पायाला घट्ट बांधला, शिडी हलवून बघितली, पुन्हा बघितली, आणि मग स्वतः दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.

"आता चढण्याआधी मला विचारा, धरलं का."

"मला दिसतंय ना धरलेलं."

"दिसलं तरी विचारायचं. मी धरलं म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही."

गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. त्याने विचारलं. त्यांनी 'धरलं' म्हटलं, आणि मगच त्याला चढू दिलं. प्रत्येक खिडकीला हाच तमाशा. जन्मात इतकी भित्री बाई पाहिली नाही, असं मनात म्हणत तो भोकांत लाकडी गिट्ट्या ठोकत होता. वरून त्याला त्यांचा बुचडा दिसत होता, आणि आल्याच्या गड्ड्यांसारखी वेडीवाकडी पायांची बोटं. पण त्याच्या मनात शंकेची पाल काही चुकचुकली नाही.

उलट त्याला वाटलं, भित्र्या माणसांइतकी शहाणी माणसं जगात नाहीत. तेव्हा त्याने शिडीवरूनच आपली कर्मकहाणी सुरू केली. मुलीला डोंगर चढायचं खूळ लागलंय, आणि ते त्या पालीमुळे. स्वतः माकडासारखी लटकते ती लटकते, वर लोकांच्या पोरी बिघडवते. असल्या बाईला ना घर असणार ना दार.

"घर असेल हो," बाई खालून म्हणाल्या. "पडदे नसतील."

तो हसला. मग ड्रिल थांबवून त्याने विचारलं, "खरं सांगा ताई, तुम्ही पाठवली असती का मुलीला?"

बाईंनी उलट विचारलं, "खाली उभं राहून तिचा दोर कोण धरतं?"

त्याला माहीत नव्हतं. असेल कुणीतरी, तो म्हणाला.

"मग पाठवू नका," बाई म्हणाल्या. "दोर कोण धरतं हे माहीत नसेल तर पाठवू नका. चढणारा कितीही हुशार असू दे. मी सगळ्यात आधी खालचा माणूस बघते."

पडदेवाल्याला हवं ते मिळालं होतं. त्यातलं 'पाठवू नका' तेवढं त्याने उचललं, आणि बाकीचं गिट्टीच्या भुश्शाबरोबर तिथेच झाडून टाकलं.

रात्री जेवताना त्याला राहवलं नाही. मुलीशी बोलायचं नव्हतं, म्हणून त्याने बायकोकडे बघत सगळी गोष्ट रंगवून सांगितली. कापडाची घडी, रबराचा तुकडा, प्रत्येक खिडकीला 'धरलं का'. आणि शेवटी, जगात शहाणी माणसं अजून आहेत बरं का, ती बाई स्पष्ट म्हणाली, मुलीला पाठवू नका.

मुलीचा घास हातातच राहिला.

"पायाची बोटं कशी होती त्यांची?" तिने विचारलं. कितीतरी दिवसांनी ती थेट त्याच्याशी बोलत होती.

त्याने सांगितली. मुलगी उठली, तिने खोलीतून पोस्टर काढून आणलं आणि त्याच्या ताटाशेजारी पसरलं. रोजचेच तळवे. रोजचीच बोटं. रोजचाच बुचडा. पडदेवाला बघत राहिला. आपण त्या बाईंच्या तोंडावर त्यांना माकड म्हणालो हे त्याला आठवलं, आणि कान तापले. लगेच मागोमाग, लाज वाटावी इतक्या लगेच, 'आपली शिडी पालीने धरली' असाही विचार येऊन गेला, आणि छाती जरा फुगली.

"ती असं म्हणाली?" मुलीने विचारलं. "पाठवू नका म्हणून?"

"म्हणाली."

"एवढंच?" बायकोने विचारलं.

"एवढंच," तो म्हणाला.

मुलीने पोस्टरची गुंडाळी केली. रडली नाही, भांडली नाही. "मग नाही जात मी," ती म्हणाली. "तिला नको वाटत असेल तर नकोच."

पडदेवाला जिंकला होता. बापाचं ऐकत नव्हती ती पोर बापाच्या तोंडून पालीचं ऐकत होती, आणि तेही अर्धंच. त्याने भाताचा घास घेतला. मुलगी गुंडाळीला रबरबँड लावत होती आणि तो काही केल्या नीट बसत नव्हता. आज डोळे मिटले तर ती कड्यावरून पडताना दिसणार नाही, हे त्याला कळत होतं. त्याऐवजी हा रबरबँड दिसणार होता.

"अर्धं सांगितलं मी," तो ताटाकडे बघत म्हणाला. "ती म्हणाली, दोर कोण धरतं हे माहीत नसेल तर पाठवू नका."

मग त्यालाच विचारावं लागलं.

"कोण धरतं तुझा दोर?"

मुलीने आईकडे बघितलं. आई ताटं गोळा करत होती. तिने ती खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि दोन्ही तळवे त्याच्यापुढे उघडले. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते, आणि उजव्या तळव्यात दोराचा आडवा वळ होता. बहिणीकडे जाऊन कुणाच्या हातांना असे घट्टे पडत नाहीत. ते हात तो रोज बघत होता, चहा देताना, भाजी वाढताना. पोस्टरइतकेच रोज.

"तू?" तो म्हणाला. "तू धरतेस?"

"तुम्ही म्हणालात, शिडी धरू नकोस," बायको म्हणाली. "हात रिकामेच होते."

पडदेवाला उठला. त्याने बाहेरून शिडी आणली आणि मुलीच्या हातातलं पोस्टर घेतलं. पलंगावर उभं राहून लावता आलं असतं, शिडीची काही गरज नव्हती. त्याने ती मुलीच्या खोलीत भिंतीशी उघडली, पण पाय उचलला नाही.

"धरलं का?" त्याने विचारलं.

बायकोने चांगला वेळ लावला. आधी वाकून शिडीच्या चारही पायांकडे बघितलं, पालीने बांधलेला रबर ओढून बघितला, मग दोन्ही हातांनी शिडी धरली.

"धरलं," ती म्हणाली. "चढा आता."