वाढत्या अंगाचं माप

या जगात कोणीही खोटं बोलेल, पण शिंप्याची टेप कधी खोटं बोलत नाही. तिच्या वतीने शिंपी बोलतो.

आपला हा शिंपी लहान मुलांचे कपडे शिवायचा. त्या धंद्यात आज नीट बसेल असा कपडा शिवणं हा गुन्हा समजतात. मूल वाढतं आणि आईबाप भांडायला येतात. म्हणून माप घेतलं की वर दोन बोटं जास्त धरायची. याला वाढत्या अंगाचं माप म्हणतात. शिंप्याचा हात त्यावर इतका बसला होता की दोन बोटं आपोआप धरली जायची. त्याच्या स्वतःच्या मुलीला अंगाबरोबर बसणारा फ्रॉक आजवर एकदाच मिळाला होता, आणि तो शेजारणीने दिला होता.

मुलगी सात वर्षांची. धाकटा भाऊ असल्यामुळे घरात ती ताई. धाकट्याने दुकानात एकदा बटण गिळलं होतं, तेव्हापासून त्याचं नाव बटणच पडलं.

ताईच्या वर्गातली एक मुलगी मोठ्या शहरात जाऊन आकाशपाळण्यात बसून आली, आणि घरात दुसरा विषय उरला नाही. चौकशी करता कळलं की अठ्ठेचाळीस इंच उंचीच्या आतल्या मुलाबरोबर मोठ्या माणसाला बसावं लागतं, त्यावरच्या मुलाला एकट्याला सोडतात.

"मग अठ्ठेचाळीस झालीस की जाऊ," शिंपी म्हणाला. "एकटी बस ऐटीत. तू काय आता कुक्कुलं बाळ आहेस?"

नवऱ्याला उंचीची भीती वाटते हे बायकोला लग्नानंतर लगेच कळलं होतं. दुकानातल्या वरच्या फळीवरचे तागे तीच स्टुलावर चढून काढायची. ती दुकानात नसेल तर शिंपी गिऱ्हाइकाला सांगायचा, "वरचं नका घेऊ. धुतलं की रंग जातो."

दर महिन्याला ताई दाराला पाठ लावून उभी राहायची. शिंपी पेन्सिलीने खूण करायचा आणि खुणेपर्यंत टेप लावायचा. एका रविवारी अठ्ठेचाळीस भरले. पुढच्या रविवारी चौघं बसने शहरात आले.

बसने त्यांना टेकडीवरच्या रस्त्याला सोडलं. तिथून पायऱ्या उतरून शहर बघायला सुरुवात झाली. आधी चौकातला घोड्यावरचा सेनापती. शिंपी त्याच्याभोवती फिरून आला आणि म्हणाला, "डावी बाही आखूड आहे."

"पुतळ्याचं माप घेऊ नका हो," बायको म्हणाली. "तो काही डिलिव्हरीला येणार नाही."

मग संग्रहालय. तिथे राजाचा अंगरखा काचेत ठेवला होता. शिंपी काचेला नाक लावून इतका वेळ उभा राहिला की पहारेकरी जवळ आला. मग शिंप्याने पहारेकऱ्याचा गणवेश बघितला. "काखेत धरतो ना?" पहारेकऱ्याने कबूल केलं. बटण हत्तीच्या सांगाड्याला बघून रडलं आणि रडता रडता आईच्या खांद्यावर झोपलं. ताईने प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, "पाळणा कधी?"

पाळण्यापाशी पत्र्याचा जिराफ उभा होता. त्याच्या मानेवर लाल रेघ होती. तिकीट तपासणाऱ्या मुलीने ताईला जिराफाशेजारी उभं केलं.

"ही रेघेच्या खाली आहे, काका. बरोबर मोठं कोणीतरी लागेल."

"शक्यच नाही," शिंपी म्हणाला. "माप मी घेतलंय. शिंपी आहे मी." त्याने खिशातून टेप काढली आणि आधी जिराफाला लावली. जिराफ बरोबर होता. मग ताईला लावली. पेन्सिल हातात नव्हती, त्यामुळे टेप डोक्यापाशीच थांबली. शेहेचाळीस.

मागून रांगेतला एक जण ओरडला, "अहो, पोरगी वाढेपर्यंत थांबायचं का आम्ही?"

"आई," ताई रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी कमी झाले?"

आईने नवऱ्याकडे बघितलं. "वाढत्या अंगाचं धरलंत ना?"

"सवयीने झालं असेल," शिंपी म्हणाला. "पुढच्या वर्षी येऊ. तोपर्यंत..."

ताईने जिराफाचा पाय घट्ट धरला. ती रडली नाही. रडली असती तर तिला उचलून नेता आलं असतं.

"तू जा तिच्याबरोबर," शिंपी बायकोला हळूच म्हणाला.

"हा आत्ता झोपलाय. आणि वाढवलीत तुम्ही, तेव्हा वर घेऊन पण तुम्हीच जा."

"काका, बसताय का बाजूला होताय?" तिकीटवाली म्हणाली.

शिंपी बसला. समोरचा दांडा त्याने दोन्ही हातांनी धरला आणि पाळणा हलायच्या आधीच डोळे मिटले.

"बाबा, बघा ना! तो घोडेवाला!"

"हं."

"माणसं एवढुश्शी दिसतायत. बटणाएवढी!"

"आपल्या बटणाएवढी की शर्टाच्या?"

"शर्टाच्या."

शिंप्याने डोळे आणखी घट्ट मिटले. अगदी टोकावर पाळणा थांबला.

"का थांबला? काय झालं?"

"खाली माणसं बसतायत," ताई म्हणाली. थोड्या वेळाने तिने बापाच्या दांड्यावरच्या मुठीवर हात ठेवला. "बाबा, तुम्ही नका बघू. मी सांगते ना." आणि पाळणा खाली येईपर्यंत तिने नदी, पूल, संग्रहालयाचं छप्पर, छपरावरचा चेंडू, असं सगळं सांगितलं.

"काय काय दिसलं?" बायकोने विचारलं.

"सगळंच," शिंपी म्हणाला. "काय ती उंची! अशी उंची मी जन्मात बघितली नाही."

"बाबांनी मला सगळं दाखवलं," ताई म्हणाली.

संध्याकाळी पायऱ्या चढून ते परत टेकडीवरच्या थांब्यावर आले. बसला वेळ होता. शिंपी कठड्यावर पाय सोडून आरामात शेंगदाणे खात बसला. त्या थांब्यावरून आकाशपाळण्याचं टोक खाली दिसतं.