चित्रात न मावलेलं दार

मी बूटलोडर बोलतोय. नावावरून लोकांचे चपला-बूट उचलणारा वाटेन, पण माझं काम साधं आहे. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी मी जागा होतो. एकाच यंत्रात दोन-चार सिस्टीम नांदत असल्या, तर पडद्यावर त्यांची नावं मांडतो, आणि जे निवडाल ते दार उघडून बाजूला होतो. एवढंही मला धड करू दिलं नाही, म्हणून माझं डोकं फिरलंय.

कॉम्प्युटर वहिनींचा. मला तिथे आणलं त्यांच्या धाकट्या दिराने, म्हणून माझ्याही तोंडी ‘वहिनी’च बसलं. वहिनी मशीनवर भरतकाम करत. गणवेशांवरची चिन्हं, टोप्यांवरची नावं. नक्षी आधी कॉम्प्युटरवर आखायची, मग मशीन ती सुईने उमटवायचं. ते मशीन फक्त जुन्या सिस्टीमचं ऐकायचं. नवीपुढे ढिम्म हलायचं नाही.

दिराला कॉम्प्युटरचं भारी वेड. त्याने आपली डिस्क वहिनींच्या कॉम्प्युटरमध्ये, त्यांच्या डिस्कशेजारी घुसवली, तिच्यात तीन नव्या सिस्टीम टाकल्या आणि मला दारावर उभं केलं. काळ्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं, चार नावं. वहिनी रोज शेवटचं, आपल्या जुन्या सिस्टीमचं, निवडत आणि कामाला लागत. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग त्याला मला नटवायची हौस आली. आज डोंगर, उद्या चांदणं, परवा कसलासा धुरकट जांभळा रंग. नाटकातल्या नटालाही एवढे वेश बदलावे लागत नसतील. अक्षरं इतकी बारीक, की वहिनी पडद्याला नाक लावून वाचत. हा मात्र प्रत्येक वेशाचा फोटो काढून मित्रांना पाठवण्यात दंग.

शेवटी त्याला तळ्याचं एक चित्र सापडलं. त्यात तीन गोल चिन्हं नेमकी बसत. चौथं आलं की तोल जाई. तर या शहाण्याने वहिनींचं दारच माझ्या यादीतून लपवलं. “जुनं खटारं, कोण बघतंय,” असं पुटपुटला, फोटो काढला आणि गावाला निघून गेला.

सकाळी वहिनींनी बटण दाबलं. तळं, तीन चिन्हं, आणि त्यांचं दार गायब. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, पुन्हा लावला. त्यांच्या नक्ष्या जिथल्या तिथे होत्या, त्यांना धक्काही लागला नव्हता. पण मला वाचा नाही. लिहून दिलंय तेवढंच दाखवायचं. आपल्याच हातून सगळं पुसलं गेलं असं त्यांना वाटलं. नवऱ्याने मान वर न करता विचारलं, तू नक्की काय दाबलंस? दीर फोन उचलेना. रुग्णालयाचे गणवेश त्याच दिवशी द्यायचे होते. ते काम देणारा शिंपी दुपारी एकदा डोकावून गेला आणि संध्याकाळी आला तो कापडाचे गठ्ठे परत न्यायलाच. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक ते. वहिनी मशीनवरचे दोरे नुसत्याच नीट करत राहिल्या.

दीर परतला आणि हसून म्हणाला, “काही गेलेलं नाही, मी फक्त झाकलं होतं.” वहिनींचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही.

“भाऊजी, माझी डिस्क मला काढून द्या.”

खुशाल न्या म्हणाला, स्क्रूसुद्धा स्वतःच सोडवले. बसवताना त्याने मला वहिनींच्या डिस्कवरच बसवलं होतं. चित्रांच्या नादात ते साफ विसरला. डिस्कबरोबर मीही निघालो. दुरुस्तीवाल्याने वहिनींसाठी एका वापरलेल्या कॉम्प्युटरमध्ये ती लावली, तळं पुसलं आणि वहिनींचं दार मोकळं केलं.

दोन दिवसांनी दीर त्यांच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. दार उघडणारा मीच तिथे नव्हतो, त्यामुळे त्याची एकही सिस्टीम चालू होत नव्हती.

“वहिनी, तुमच्या डिस्कमुळे माझं सगळं अडलंय.”

वहिनींनी मशीन थांबवलं नाही. “तुमच्या चित्रात मी मावत नव्हते ना? मग माझ्या जाण्याने काय अडलं?”

तो आल्या पावली माघारी वळला. शेजारी नवऱ्याने पेपरचं पान उलटलं.

आता माझ्याकडे एकच दार आहे. बटण दाबलं की वहिनी थेट कामावर. मी कुणाला दिसतही नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तो शिंपी परत आला नाही, हे मला गिळवत नाही. तुमच्या घरातही असं एखादं सगळ्यांचं यंत्र असेल. त्यात हात घालण्याआधी त्यावर कुणाची भाकरी भाजतेय ते बघा. आणि चुकलंच, तर तसं तोंडावर म्हणा. वहिनींना अजून कुणी ‘चुकलं’ म्हटलेलं नाही.