चिमट्यातलं भोक

“मी भोक पाडलंच नाही.”

काकांनी चहाचा कप ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. काकू अंगणात स्कूटर पुसत होत्या. काका हाताने सायकलीच्या फ्रेमी बनवत आणि झोपेतही नळ्याच कापत, त्यामुळे सकाळी सकाळी असलं काही ऐकायची काकूंना सवय होती.

“कुठलं भोक?”

“नर्सबाईंच्या चिमट्याचं. अगं, विसरलो मी.”

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं. इतकी वर्षं काकांच्या फ्रेमींना रंग त्याच देत होत्या, त्यामुळे पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय. त्यांच्या नळ्या वरच्या तुकड्यात बसवून, गॅसच्या ज्योतीवर पितळ वितळवून जोडायच्या. पण त्याआधी नळीच्या, जोडात झाकल्या जाणाऱ्या टोकाला एक बारीक भोक पाडायचं, म्हणजे कोंडलेली हवा तापली की तिकडून निघून जाते. भोक नसेल तर ती हवा पितळालाच ढकलते. जोड वरून भरलेला दिसतो आणि आत पोकळ राहतो. मग कुठल्यातरी उतारावर जोराचा ब्रेक लागतो, चिमटा मोडतो आणि माणूस तोंडावर आपटतो. तो जोड आता काकूंच्या निळ्या रंगाखाली होता.

नर्सबाई कालच संध्याकाळी सायकल घेऊन गेल्या होत्या. त्यांचा दवाखाना टेकडीवर. आता रात्रपाळी संपवून त्या उतार उतरणार होत्या.

काकूंनी फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला.

“ड्युटीवर फोन कपाटात ठेवतात त्या,” काकू म्हणाल्या. “बसा मागे.”

स्कूटर चढाला लागली. काका मागे बसून एकच गोष्ट घोकत होते. नळ्या कापल्या, घासल्या, बसवल्या, ज्योत लावली. भोक पाडल्याचं आठवत नाही. काकूंना धास्ती होती आणि ती नुसती चिमट्याची नव्हती. गेल्या महिन्यात काका दुकानाला कुलूप लावून किल्ली आतच विसरले होते. परवा त्यांनी शेजाऱ्याला त्याच्या वारलेल्या आईची तब्येत विचारली होती. काकूंनी दोन्ही वेळा हसण्यावारी नेलं होतं. काकांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू गेल्या, मग रस्ते, शेवटी माणसं.

वळणावर निळा रंग दिसला. नर्सबाई भन्नाट वेगात खाली येत होत्या. उंचीने बेताच्या, एक पाय किंचित आखूड. दुकानातल्या कुठल्याही तयार सायकलवर त्यांची कंबर धरायची. “एवढ्या पैशांत दुकानातून दोन आल्या असत्या,” काल त्यांचा नवरा म्हणाला होता. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, “दुकानातल्या सायकली जिच्या मापाच्या असतात ती बाई मला अजून भेटायचीय.” आता त्या सायकलवर ऐटीत बसल्या होत्या. पाठ मोकळी होती, चेहऱ्यावर वारा होता.

काका हात वर करून ओरडायला गेले. काकूंनी मागे हात नेऊन त्यांचा गुडघा गच्च दाबला.

“ओरडू नका! दचकून ब्रेक मारतील त्या.”

काकांनी हात खाली घेतला. काकूंनी स्कूटर कडेला घेतली आणि नर्सबाईंनी ओळखू नये म्हणून मान खाली घातली. सायकल शेजारून सूं करत गेली. मग त्यांनी स्कूटर वळवली आणि हॉर्न न वाजवता, अंतर ठेवून मागे मागे उतरू लागल्या. प्रत्येक वळणाला काकांची बोटं काकूंच्या खांद्यात रुतत होती. समोरून एक ट्रक आला, सायकल डुगडुगली, सावरली. सपाट रस्ता लागला तेव्हा कुठे नर्सबाई आपसूक मंदावल्या, आणि काकूंनी त्यांना गाठलं.

सगळं ऐकून नर्सबाई म्हणाल्या, “पण मस्त चालतेय की हो!”

“कापून बघितल्याशिवाय कळणार नाही,” काका म्हणाले.

दुकानात चिमटा शिकंज्यात अडकवून काकांनी करवत लावली. निळ्या रंगाचा भुगा पडू लागला. काकूंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या मनात भलताच विचार होता आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. भोक नसू दे. जोड पोकळ निघू दे. एकदा भोक राहिलं तर ती हातून झालेली चूक, कुणाच्याही हातून होते. पण भोक असलं आणि ते पाडल्याचंच आठवत नसलं तर?

तुकडा खाली पडला. काकांनी तो उजेडात धरला.

पितळ आतपर्यंत सारखं उतरलं होतं. मध्ये बारीक, गोल भोक होतं, कडा कानशीने गुळगुळीत केलेल्या. अशा कडा फक्त काकाच घासत.

“अय्या, आहे की!” नर्सबाई म्हणाल्या. “उगाच जीव टांगणीला लावलात, काका.”

काका स्टुलावर बसले. तुकडा त्यांच्या तळहातावर होता.

“तुलाही हे नको होतं ना?” त्यांनी हळूच विचारलं.

काकूंनी मान डोलावली.

नर्सबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा काकांच्या हाताकडे. रोज आजारी माणसं बघणारी बाई ती. त्यांचं हसू मावळलं.

“तुम्ही बाजारातला तयार चिमटा लावा,” काका म्हणाले. “स्वस्तही पडेल. मला भीती वाटते आता. माझीच.”

“बाजारातल्या चिमट्यामागे धावत कोण येणार, काका?” नर्सबाई म्हणाल्या. “मला तुमच्याच हातचा हवाय. तोवर चालत जाईन. आणि काकू, तुम्ही जवळ उभ्या राहाल ना?”

“राहीन.”

त्या गेल्यावर काका उठले, त्यांनी नवी नळी काढली, खूण केली. काकूंनी रंगाचे डबे बाजूला सारले आणि त्या ड्रिलपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पातं फिरलं, धातूचा बारीक कीस निघाला. काकांनी कडा घासल्या.

“बघितलंस?”

“बघितलं.”

त्यांनी नळी बसवली, चष्मा लावला, गॅसची चावी फिरवली. काडी ओढण्याआधी हात थांबला.

“अगं, भोक पाडलं ना मी?”

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“पाडलंत हो. मी बघितलं. पेटवा.”