छप्पन्न घरांचं पुस्तक

स्वतःच्याच पुस्तकाची एक प्रतही माझ्या घरी नाही, हे सांगायला लाज वाटते. मागेल त्याला देऊन टाकायची खोड, दुसरं काय! मेहकरात मास्तरकी करता करता विहिरी खणणाऱ्या गोविंदावर मी एकच कादंबरी लिहिली. तीस वर्षांनी प्रकाशक म्हणाला, "पुन्हा छापतो, पण रविवारच्या आत सगळी पानं हवीत. नाहीतर राहिलं." सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कोण विचारतं?

शोधता शोधता कळलं, सुलतानपूरला भाजीपाला पिकवणाऱ्या तुळशीरामकडे एक प्रत आहे. माझाच जुना विद्यार्थी. तडक गेलो. तो पाया पडला आणि त्यानं माझ्या हातात नुसता पुठ्ठा ठेवला. आत एक पान नाही!

"पानं कुठं गेली रे?" माझा पारा चढला.

"गावात हायेत, गुरुजी. पुस्तक एक अन् वाचणारी घरं छप्पन्न. मंग शिवण उसवली, वळीनं घरटी एक पान देलं. दर बाजाराच्या दिवशी आपलं पान पुढच्या घरी द्याचं, मागच्या घरचं आपण घ्याचं."

मी बोटांवर हिशेब केला. "अरे गाढवा, मग प्रत्येकाला आधीचंच पान मिळत गेलं! सगळं गाव उलटं वाचतंय!"

"हाव," तो ओशाळला. "ध्यानात आलं तवा निम्मं वाचून झालं व्हतं. आता कोन बदलते?"

त्यानं हाळी दिली. ओसरीवर एकेक पान येऊ लागलं. कुणी पोथीसारखं फडक्यात बांधून आणलं, कुणी लेकीच्या वहीत जपून. एका पानाला हळदीची बोटं होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. मोबाइलवर मी एकेका पानाचा फोटो काढत गेलो.

पंचावन्न भरली. पुस्तकाचं शेवटचं पान मात्र एका घरी फवारणीच्या पाण्यात भिजून गेलं होतं. तिथलं मला स्वतःला एक वाक्य आठवेना.

"लिवा, मले पाठ हाये," गर्दीतून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांचं घर गावाच्या टोकाला, छप्पन्नावं. "माह्याकडं पयले तेच पान आलं. आठवडाभर दुसरं वाचाले काय व्हतं?"

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. कुठं थांबणं नाही, अडखळणं नाही. एकेक शब्द माझाच होता. गोविंदा विहिरीच्या तळाशी गेला तेव्हा त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"कसा मेला ते मले वर्षभरापासून ठाऊक हाये," त्या म्हणाल्या. "जल्मला कसा, ते अजून तीन बाजारांनी कळन."

मला राहवेना. "अहो, तो तर..."

"सांगू नोका, गुरुजी!" त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

मी पानं ज्याची त्याला परत दिली.