नावापुरता होकार

शहाऐंशी सालची गोष्ट. नागपूरच्या एका कचेरीतला नवा कॉम्प्युटर महिनाभर रुसून बसला होता आणि तो सांभाळणाऱ्या मधुकररावांची झोप उडाली होती. त्या मशीनच्या पोटात दुसरं एक आभासी, म्हणजे नुसतं प्रोग्रॅमनं उभं केलेलं, मशीन चालायचं. ते सुरू झालं, की त्यात आधीच कोरून ठेवलेला प्रोग्रॅम त्यावर चढवलेल्या सिस्टिमला विचारी, 'तू अमुक नावाची का?' तुला काय येतं, हे विचारायचंच नाही. नावावरून लायकी ठरवायची, घ्या! कचेरीची सिस्टिम दुसऱ्या नावाची. ती बापडी इमानदारीनं 'नाही' म्हणे, की टेप बंद, प्रिंटर बंद. सगळं येत असून! त्या दुपारी मधुकरराव चिडले आणि त्यांनी सिस्टिमला सरळ 'हो' म्हणायला शिकवलं. टेप गरगर फिरायला लागली.

"लबाडीच लागते बाप्पा," ते पुटपुटले.

सायंकाळी ते महाल भागात वहिनीच्या घरी गेले. त्यांची आई, प्रयागबाई, तिथंच राहायची. दोन वर्षांपूर्वी मोठा मुलगा कृष्णकांत, तिचा किसना, गेला, तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. नजरही गेली होती. चार दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. घास पुढे केला की तिचा एकच प्रश्न. मधुकरराव दर वेळी खरं सांगत आणि ती तोंड फिरवी. आज पोटात काही गेलं नाही तर भरवसा नाही, असं डॉक्टर बोलून गेले होते.

गोपिकावहिनी, कृष्णकांतची बायको, वरणभाताचं ताट धरून बाजूला बसली होती.

"कोण होय गा? किसना होय का?" आईनं विचारलं.

मधुकररावांना दुपारचं मशीन आठवलं. "हो माय, मीच होय."

"काहून आला नाही रे इतके दिवस?" म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं दोन घास खाल्ले. अहो, एवढं सोपं होतं! मधुकररावांनी लगेच पुढचा घास कालवला.

तिसऱ्या घासाला तिनं त्यांचं मनगट धरलं. "मधुकरले माफ केलं का तू?"

घास हातातच राहिला. कृष्णकांत दवाखान्यात अखेरचे दिवस मोजत होता, तेव्हा वहिनीनं तीनदा निरोप धाडला होता. मधुकरराव गेले नव्हते. नव्या मशीनची ऑर्डर द्यायची होती ना! उद्या जाऊ, परवा जाऊ, करता करता भाऊ गेला. त्याचं नाव सांगितलं तर त्याची उत्तरंही आपल्यालाच द्यावी लागतील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सांग नं रे. नाहीतर नाही जेवत मी."

त्यांनी वहिनीकडे पाहिलं. दोन वर्षांत तिनं या गोष्टीचा एक शब्द काढला नव्हता. आता तरी काही बोलावं, शिव्या द्याव्यात, असं त्यांना फार वाटलं. ती ताटाकडे बघत राहिली.

"हो," ते म्हणाले. "केलं माफ."

प्रयागबाईनं आ केला. मधुकररावांनी घास भरवला, अर्धा भात तिच्या लुगड्यावर सांडला. वहिनीनं ताट त्यांच्याजवळ खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली.